काकूंचा टाका

मित्रांनो, मी भरतकामाच्या कारखान्यातला एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती? माझा पंखा सुरू झाला की समोरचे दुकानदार वादळ आलं म्हणून फळ्या लावून घेतात!

माझ्या पोटात आमच्या मालकांचे, म्हणजे काकांचे, पक्षी राहतात. काका माझ्या पडद्यावर पक्षी रेखाटायचे, मी भरतकामाच्या यंत्राला टाके सांगायचो आणि कापडावर पिसं उमटायची. मात्र प्रत्येक पक्ष्याचा डोळा काका मुद्दाम कोरा ठेवत. तो काकू हाताने भरत. "नजर तुझ्या हातची," काका म्हणत.

काका गेले. नाट्यगृहाच्या पडद्यासाठी काढलेला त्यांचा शेवटचा पक्षी कापडावर उतरायचा राहिला.

तेवढ्यात पुतण्याने नवा संगणक आणला. त्यात 'झेप' नावाची प्रणाली होती. जिकडेतिकडे तिचाच डंका! कुणी म्हणे, ती बटण दाबायच्या आधीच सुरू होते.

"काकू, ही मनातलं ओळखते!"

"हो का? माझ्या मनात मघापासून चहा आहे. सांग तिला."

खोटं कशाला बोलू, झेप उजळली आणि मीही आ वासून बघत राहिलो. काय ते रंग, काय ती चपळाई! मला अर्धा दिवस लागणारं काम तिने पापणी लवायच्या आत उरकलं. पुतण्याने माझे सगळे पक्षी तिच्याकडे उतरवून घेतले.

"आता हा डबा पुसायचा आणि भंगारात द्यायचा," तो म्हणाला. माझा पंखाच अडखळला.

झेपच्या हुकमाने नमुन्याच्या कापडावर शेवटचा पक्षी उमटला. देखणा, आणि डोळ्यासकट!

"बघा काकू, काकांची राहिलेली चूकसुद्धा हिने दुरुस्त केली!"

काकू सुईत दोरा ओवून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "चूक नव्हती रे ती. माझी जागा होती."

पुतण्या वरमला. त्याने झेपमधल्या पक्ष्याचा डोळा पुसला. झेपने पुन्हा भरला. पुन्हा पुसला, पुन्हा भरला.

"मनातलं ओळखते ना रे ही?" काकूंनी विचारलं.

पुतण्याने यंत्राची तार झेपमधून काढून माझ्यात खोचली.

मग मी कण्हत, कुंथत, धापा टाकत तो पक्षी नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्यावर उतरवला. डोळा कोरा. मला बंद केल्यावर काकू पुढे झाल्या. त्यांनी शेवटचा टाका ओढला आणि, शपथेवर सांगतो, बंद खोलीत तो अवजड पडदा शिडासारखा फुगला! पुतण्या दोन पावलं मागे सरला. मित्रांनो, तेव्हा माझा पंखा बंद होता बरं!

झेप आता माझ्या शेजारीच बसते. पोर हुशार आहे. नुसतं विचारायला शिकायची आहे. तुम्हीही नवं जरूर आणा, डोळे भरून बघा. अधूनमधून आमच्यासारख्यांवरची धूळही झटका. पण जुनं पुसायच्या आधी घरात एकदा विचारा, "यात कुणाचा टाका राहिलाय का?"