आईच्या कानातलं गाणं

"आता जबडा हलवू नकोस, साचा बिघडेल," असं त्याने आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं आणि डाव्या कानात गुलाबी लगदा भरायला घेतला. लगदा पार पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून दोरा बांधलेला कापसाचा बोळा आधीच आत बसवला होता. लगदा घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं असतं. त्याच्या दुकानात भल्याभल्या तोंडाळ माणसांना ते जमत असे. आई मात्र स्वतःच्या पलंगावर बसून बोलतच राहिली.

"पुढचे सूर येतात रे मला. पण मागे जे गातात ना, त्यांचं नुसतं घुमतं. मशीन लागलं की सगळं कसं लख्ख ऐकू येईल."

त्याने मान हलवली. हो की नाही ते तिला कळू नये, अशीच हलवली.

कानाची मशीनं बसवणं हा त्याचा धंदा. आजूबाजूचे त्याला कानवाला म्हणत आणि कानवाल्याची आई ठार बहिरी, हा विनोद तोंडावर करायलाही कमी करत नसत. तिने मशीन कधी लावूच दिलं नव्हतं. तुमची भांडणं ऐकण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ती हसायची. तेव्हा धाकटी बहीण जिवंत होती, म्हणून ते हसणं चालून जायचं.

बहीण आजारपणात गेली. आईने तिच्यासाठी देवाजवळ काय मागायचं बाकी ठेवलं नव्हतं. मुलगी गेली तशी तिने हाय खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बायको चमच्याने पेज भरवायची आणि ती ओठांच्या कडेने बाहेर यायची. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. तिची हाडं दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितलं.

आणि एका सकाळी ती उठून बसली. कोण गातंय म्हणून विचारलं, स्वतःच्या हाताने केस विंचरले, खायला मागितलं. तिच्या लहानपणची प्रार्थना होती म्हणे. खूपजण मिळून गात होते आणि त्यांच्यात तिची लेक होती. देवाने ती कुठे आहे ते कळवलं होतं. आणखी काय हवं होतं तिला?

त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. असे बहिरे म्हातारे त्याने पाहिले होते. कानाला बाहेरून काही मिळेनासं झालं की डोकं आपल्याजवळचं जुनंच काहीतरी वाजवत बसतं. एका निवृत्त पोस्टमनला सारखा बँड ऐकू यायचा. मशीन लावलं आणि बँड बंद पडला, तेव्हा त्याने दुकानात पेढे नाही वाटले एवढंच. हे सगळं त्याने बायकोला सांगितलं.

"त्या जेवतायत ना?" बायको म्हणाली. "मग तुम्ही गप्प बसा."

तो गप्प बसला, कारण तिचं खरं होतं. पण गोष्ट घरात राहिली नाही. बायका येऊन आईचा हात हातात घेऊन बसू लागल्या. वरच्या मजल्यावरची आपलं तापलेलं तान्हं घेऊन आली. आईने डोळे मिटले, गाणं चालू आहे, बाळाला काही होत नाही, असं सांगितलं. ती बाई दवाखान्यात जायची थांबली. दुपारी बाळाचे डोळे फिरले, तेव्हा यानेच त्याला उचलून पळत नेलं. बाळ कसंबसं वाचलं. आणि ते आजींच्या गाण्यानेच वाचलं, असं बाळाची आई आता सगळ्यांना सांगत होती. हे ऐकून रस्त्यापलीकडच्या शिंपीणबाईंनी नवऱ्याच्या गोळ्या बंद केल्या. शिंप्याला एकदा झटका येऊन गेला होता.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. तो आईसमोर बसून घसा कोरडा पडेपर्यंत ओरडून समजावत राहिला. आईला त्याचा राग आला नाही, कीव आली.

"तुला खोटं वाटतंय ना? लाव मशीन. देव मशीनला कशाला घाबरेल?"

यंत्र जिंकणार हे त्याला ठाऊक होतं आणि ती मात्र अजून लख्ख ऐकायला मिळणार म्हणून कान पुढे करून बसली होती. साचा घट्ट झाला तसा त्याने दोरा धरून तो हलकेच बाहेर काढला.

मशीन तयार झालं त्या दिवशी त्याने ते दोनदा खिशातून काढलं आणि दोनदा परत ठेवलं. शेवटी बायकोनेच, शेजारणी येऊ नयेत म्हणून, दार लावून घेतलं. मशीन कानात बसल्यावर आई दचकली. नळाची धार, पंख्याची घरघर, खाली कोणीतरी पत्रा ओढत होतं, ते सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. सुनेच्या बांगड्या वाजल्या तेव्हा ती हसली. मग तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि ऐकू लागली.

"थांबलेत वाटतं जरा," ती म्हणाली.

ती वाट बघत राहिली. मग तिने मशीन कानातून काढलं. चेहरा उजळला. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचं तीच घालून काढून बघत होती, एखादा दिवा बिघडला की बटण आपण पुन्हा पुन्हा दाबून पाहतो तसं. शेवटी तिने ते कानात घातलं आणि हात मांडीवर ठेवले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांग आता. ओरडू नकोस, येतंय ऐकू."

त्याने सांगितलं. कित्येक वर्षांनी आईने त्याचं बोलणं असं शब्दन् शब्द ऐकलं, आणि ते हे होतं. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. संध्याकाळी ताट जसंच्या तसं परत आलं, दुसऱ्या दिवशीही आलं. बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

"आई, मशीन सगळंच पकडत नाही. बारीकसारीक आवाज सुटतात त्यातून. मीच कदाचित चुकलो असेन."

"आयुष्यभर लोकांना मशीनं विकलीस," आई म्हणाली. "आता माझ्यासमोर त्यांची बदनामी करू नकोस. खोटं तुला कधी जमलं नाही."

त्याला रडू आलं. देवाने एवढी एक वेळ मला खोटं पाडावं, असं त्याला वाटलं. देव मानत नसलेल्या माणसाने मागावं असं ते नव्हतं, पण त्याने मागितलं.

शिंपीणबाई आल्या तेव्हा आईने त्यांना समोर बसवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. गाणं कानाच्या दुखण्याचं होतं. माझं चुकलं. नवऱ्याच्या गोळ्या सुरू कर. शिंपीणबाईंनी प्रेमाने तिच्या गालावरून हात फिरवला.

"देव तुमची परीक्षा बघतोय, आजी. आमचा विश्वास नाही हलायचा."

शिंपीणबाई निघून गेल्या. ज्या गोळ्यांसाठी आईकडून गाणं काढून घेतलं, त्या गोळ्याही सुरू झाल्या नव्हत्या. मग आईने चपला मागितल्या. लेक गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता.

रस्त्यात प्रत्येक हॉर्नला ती त्याचा दंड आवळायची. शिंप्याच्या घरी शिंपीणबाई नको नको म्हणत असताना तिने फळीवरची पुडी शोधायला लावली, शिंप्याच्या तळव्यावर गोळी ठेवली आणि त्याने गिळेपर्यंत समोरून हलली नाही. निघताना म्हणाली, उद्या येते.

आपल्या घराच्या जिन्यात तिला धाप लागली. कान दुखतोय म्हणून तिने मशीन काढून त्याच्याकडे दिलं आणि अर्ध्या जिन्यावर उभी राहिली. तिचं डोकं किंचित कललं. त्याने न राहवून खुणेनेच विचारलं.

"चालू आहे," ती म्हणाली. "तेच आहे रे, अगदी तेच. पण आता त्यात गाणारं कोणी नाही."

आणि कठडा धरून ती पुढची पायरी चढली.