डावी बाजू

बुडणारं मूल ओरडत नाही. हनुवटी वर होते, तोंड पाण्याला टेकतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, खेळतंय. पोहण्याच्या तलावावर पहारा करणारी मावशी हे दर उन्हाळ्यात नव्या पालकांना सांगायची. मग उंच खुर्चीवर चढून बसायची आणि सारखी मान फिरवत राहायची.

"घुबडमावशी, मान निखळून पाण्यात पडेल हं!" पोरी ओरडायच्या.

"पडली तर बुडी मारून काढा. नाक न धरता!" तीही सोडायची नाही.

मान फिरवण्याचं कारण फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोरचं नीट दिसतंय, पण कडेची नजर गेली आहे, डावीकडची जास्त. आणि गेलेली परत येत नाही.

"आता तिथे सांगून टाक," नवरा म्हणाला होता.

"सांगते."

हिवाळा सरला.

"एवढा उन्हाळा जाऊ दे. ऐन गर्दीत नवं माणूस कुठून आणतील?"

"तुझ्यावाचून तलाव आटणार आहे होय?"

त्यावर ती भांडी जोरजोरात घासू लागली. खुर्चीवरून उतरल्यावर आपण नेमकं कोण, हे तिला सुचत नव्हतं.

आज दुपारी तलावात पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे दोघी एकमेकींची डोकी पाण्यात दाबत होत्या. मावशीने कर्कश शिट्टी फुंकली, हात उगारून दम दिला. तेवढ्यात डावीकडे धपकन आवाज झाला. पोहायला शिकवणारी ताई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. वर आली तेव्हा तिच्या खांद्यावर लाल टोपीतली एक चिमुरडी होती. दोन क्षण काहीच नाही. मग पोर खोकली, ओकली आणि भोकाड पसरून रडली.

मावशी खाली उतरली, ती कठडा चाचपत. पोर बुडत होती ती खुर्चीच्या अगदी पायथ्याशी.

बाकावर पाठ करून बसलेली आई धावत आली. लेकीला टॉवेलमध्ये गुंडाळून तिने मावशीचे दोन्ही हात घट्ट धरले. "शिट्टी मारलीत म्हणून हो! नाहीतर माझी..."

"मग काय!" ओल्या केसांचं पाणी पिळत ताई म्हणाली. ती मावशीच्याच हाताखाली तयार झाली होती. "शिट्टी ऐकली म्हणून मी वळले, तर ही दिसली. आमच्या मावशींच्या नजरेतून मासासुद्धा सुटत नाही. बसा मावशी. चहा सांगू?"

आईने ते हात कपाळाला लावले. मावशीने ते हलकेच सोडवून घेतले. पाण्यात पुन्हा दंगा सुरू झाला होता. डावीकडचा नुसता ऐकू येत होता.

"चहा नको," ती म्हणाली. "सगळ्यांना आधी बाहेर काढ."

"का? झालं ना आता सगळं ठीक."

"शिट्टी हिच्यासाठी नव्हती गं. ही मला दिसलीच नाही. या बाजूचं मला दिसत नाही, हिवाळ्यापासून." तिने गळ्यातली शिट्टी काढून ताईच्या हातात दिली. "वर दुसरं कोणीतरी बसव. मी आता चढणार नाही."