इंजिनाचा काँप्युटर कुणाकडून बदलायचा

जव्हारच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या हेमंतसरांना एकच नाद होता, वेगाचा. २००७ साली त्यांनी मुंबईहून जपानी बनावटीची सेकंड-हँड लाल गाडी आणली आणि नाशिकच्या कार रॅलीत उतरायचं मनावर घेतलं. त्यासाठी इंजिनाचा काँप्युटर बदलायला हवा होता. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे तोच ठरवतो. आणि कंपनीनं तो सांभाळून चालवणाऱ्यांसाठी बसवलेला.

घोळ एवढाच, की काम द्यायचं कुणाला? ठाण्याच्या एका नावाजलेल्या ट्यूनरनं, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्यानं, गाडी तपासून सांगितलं होतं, "अख्खा नवा काँप्युटर टाकू. तीस हॉर्सपॉवर वाढवून देतो, डोळे झाकून या." दुसरा जामसरचा देवानंद. घरी भात-नागलीची शेती, पण अकरा वर्षं ठाण्याच्या गॅरेजांत काढून लॅपटॉप घेऊन गावी परतलेला. तो म्हणे मूळ काँप्युटरलाच, त्याचे हुकूम बदलणारा एक छोटा डबा जोडतो. सरांचा त्याच्यावर फारसा भरवसा नव्हता. विचारून तर बघू, म्हणून एका सकाळी ते जामसरला गेले.

देवानंदनं वेगाचं नावही काढलं नाही. "पेट्रोल कुठल्या पंपावर भरता? घाटात इंजिन किती तापतं?" असलंच विचारत बसला. मग म्हणाला, "काँप्युटर बघू द्या, सर," आणि तो ज्याच्याखाली असतो ते पुढच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट ओढलं. ओढता ओढता थबकला. सीट पुढे सारून आणखी आत वाकला. बराच वेळ वर आलाच नाही.

"सर, गाडी घेतली कुणाकडनं?"

"एका एजंटाकडून. का रे?"

"हिकडं या. बोट लावा."

त्या सीटच्या मागे, तळाच्या पत्र्यावर आडवी, खडबडीत रेघ होती. पुट्टी थापून वरून रंग मारलेला. देवानंदनं स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. रेघेच्या पुढे लालखाली लालच. मागे लालखाली निळा.

"ही एक गाडी नाय, सर. दोन हायत. ठोकलेल्या दोन गाड्या कापून जोडल्यात. पुढचं एकीचं, मागचं दुसरीचं."

सरांनी रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. परवाच त्यांनी मोखाड्याच्या रस्त्यावर गाडी शंभराच्या वर नेली होती. शेजारी बायको हर्षाली, मागं सहा वर्षांची लेक, "अजून जोरात, बाबा!" ओरडत. ती रेघ त्यांच्या आणि लेकीच्या मधोमध होती. ते तिथंच बांधावर बसले.

मग एकदम आठवलं. ठाण्याच्या ट्यूनरनंही हेच कार्पेट उचललं होतं! मोबाइलला रेंज मिळेपर्यंत ते टेकाड चढून गेले.

"तुम्ही तो जोड पाहिला होता?"

"पाहिला की," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "तुम्ही स्पीड मागितला. जोडाचं कुठं विचारलंत?"

सरांनी फोन कापला.

खाली येऊन त्यांनी चावीसाठी हात पुढं केला.

"नाय देणार," देवानंद म्हणाला. "शिव्या घाला हवं तर."

सर वडाप जीपनं घरी आले. हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून लेकीला शेजारच्या घरातून उचलून आणलं आणि संध्याकाळपर्यंत मांडीवरून उतरू दिलं नाही.

देवानंदनं सरांसाठी इंजिन काढून बाजूला ठेवलं. महिन्याभरानं भंगारवाला सांगाडा न्यायला आला. कापायचं यंत्र टेम्पोतच ठेवून त्यानं आधी मागच्या बाजूला साखळी अडकवली आणि ओढली. कडकन आवाज झाला. मागचा निम्मा भाग साखळीला लटकला, पुढचा होता तिथंच राहिला.

 सरांना सगळं ठाऊक होतं, तरी ते दोन पावलं मागे सरले.

"ह्या इंजिनाला दुसरी बॉडी शोधू का, सर?" देवानंदनं विचारलं. "डब्याचं मग बघू."

"शोध," सर म्हणाले. "पण मला आता घाई नाही. आणि सगळं तूच कर."