घरामागून गेलेली शीव

आश्रुबा खोटा माणूस नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. जन्मात एकदाच त्यानं खोटं केलं, आणि तेही तोंडानं नाही, पायानं.

तो बोरखडीचा वेसकर महार. बोरखडी जिंतूर तालुक्याच्या पार वरच्या टोकाला, जिथं मोगलाई संपते आणि वऱ्हाड लागतं. गावाखाली ओढा. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. पलीकडच्या टेकडीला टेकून पाच घरांची महारांची वस्ती होती आणि त्यातलं एक घर आश्रुबाच्या लेकीचं, कडूबाईचं. हाक मारली तर ऐकू जावी एवढं अंतर. पण मधे पायवाटेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता आणि नाक्यावर मोगलाईचा शिपाई. शाळेतल्या भूगोलात राज्याची मोठी व्याख्या असते. आश्रुबाला राज्य म्हणजे तो शिपाई एवढंच ठाऊक होतं. त्याच्या मर्जीनं लेक माहेरी यायची, त्याच्या मर्जीनं परत जायची.

बायनाबाई, म्हणजे आश्रुबाची बायको, तापानं फणफणली तेव्हा कडूबाई आईसाठी नवं लुगडं घेऊन निघाली. शिपायानं अडवलं.

"गठुडं सोड. कोरं कापड हाय. जकात लागती."

"माय मरायलीय माझी. मला जाऊ द्या, लुगडं राहू द्या तुमच्यापाशी."

"म्हंजे माल टाकून पळती व्हय? बस तिथं. नाकेदार आल्याबिगर हलायचं न्हाई."

नाकेदार आला दुपार ढळल्यावर. कडूबाई पोहोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. कोरं लुगडं मढ्यावर घातलं.

त्या दिवसापासून आश्रुबाच्या डोक्यात एकच किडा. लेक आपल्या शिवेत पाहिजे.

दोन वर्षांनी, सदतीस साली, तशी संधी चालून आली. पुरात शिवेचे तीन धोंडे वाहून गेले आणि टेकडीखालच्या गायरानावरून दोन्ही गावांत काठ्या निघाल्या. मोगलाईचा अमीन आला, वऱ्हाडातून मोजणीचा साहेब आला. एकाचा नकाशा उर्दूत, दुसऱ्याचा इंग्रजीत, आणि दोन्ही एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. दोन दिवस साखळी ओढून साहेब कंटाळले. शेवटी म्हणाले, तुमच्या रिवाजानं ठरवा, आम्ही तेच लिहून घेतो.

रिवाज जुना होता. शिवेचा वाद पडला की महारानं अंघोळ करायची, ओल्या अंगानं शिवेची माती डोक्यावर घ्यायची आणि चालायचं. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर पंधरा दिवसांत त्याच्या घरात मढं पडतं. एरवी ज्याची सावली चालत नाही त्याचं पाऊल त्या दिवशी चालतं. दोन राज्यांना आपली हद्द सापडत नव्हती, ती दाखवायला महार लागला. दाखवून झाल्यावर पुन्हा लांब उभा राहा!

दोन्ही पाटलांनी आश्रुबाचं नाव मान्य केलं. त्याचा बापही शीव चालला होता आणि आजाही.

बोरखडीचा पाटील अण्णाराव आदल्या दिवशी म्हणाला, "आश्र्या, गायरान आपलं हाय बरं का. ध्यानात ठिव."

"माती डोक्यावर घेतल्यावर जे खरं त्येच, मालक," आश्रुबा म्हणाला. आणि तेव्हा त्याला तसंच वाटत होतं.

सकाळी माती डोक्यावर घेऊन तो निघाला. मागं चुना टाकणारे, त्यामागं दोन्ही गावं. ओढ्यापाशी आला. शीव ओढ्याच्या पात्रातून खाली जाते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पाण्याच्या कडेला तो थबकला. डाव्या हाताला नाका दिसत होता आणि बाकड्यावर तोच शिपाई बिडी ओढत बसला होता.

आश्रुबानं ओढा ओलांडला.

टेकडी चढला, वस्तीला वळसा घातला, आणि लेकीच्या परसामागून, गोवऱ्यांच्या ढिगापलीकडून चालत गेला. कडूबाई मागच्या दारात उभी होती. बापानं लेकीकडं पाहिलं नाही. मनात हिशेब झाला होता. आपल्या घरात आपण एकटे. लेक दुसऱ्याच्या घरची. मढं पडलं तर आपलंच पडंल. पडू दे.

पंधरा दिवस तो मरणाची वाट बघत बसला. मरण आलं नाही. साहेबांनी कागद पक्के केले, नाका टेकडीपलीकडं गेला, गायरान अण्णारावाला मिळालं.

"गड्या, लय झाक चाललास," पाटील हसला.

सोळाव्या दिवशी चावडीवरून हुकूम सुटला. तहसीलदाराचा दौरा आहे, ओझी वाहायला माणसं पाहिजेत, नव्या वस्तीतला मुंजाजी आणा. मुंजाजी म्हणजे कडूबाईचा नवरा. आणि वेठीला माणूस बोलावून आणायचं काम कुणाचं? वेसकराचं. आश्रुबा काठी टेकत जावयाच्या दारात गेला.

मुंजाजी वऱ्हाडात सडकेच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली होता. दोन बुकं वाचलेला, पायात वहाणा घालणारा. वऱ्हाडात वेठ अगदीच नव्हती असं नाही, पण नाही म्हणायची सोय होती. तो चावडीवर आला तो वहाणा घालूनच.

"मी इंग्रजीतला माणूस हाय," तो म्हणाला. "वेठ करणार न्हाई."

"इंग्रजीतला?" अण्णाराव म्हणाला. "माणूस कुठला असतो रे? जिथं खुटा, तिथलं जनावर. तुझा खुटा आता मोगलाईत. काढ त्या वहाणा. घे डोक्यावर."

घेतल्या नाहीत तेव्हा चौघांनी घ्यायला लावल्या. वहाणा डोक्यावर ठेवून मुंजाजी भर गावात दुपारपर्यंत उभा होता. शेजारी काठी घेऊन सासरा उभा होता, कारण पहारा त्याचाच.

उन्हं कलल्यावर सोडलं तेव्हा मुंजाजीनं एवढंच विचारलं, "मामा, खरं सांगा. शीव ओढ्यातूनच हाय ना?"

आश्रुबाला हो म्हणता आलं असतं. शीव खोटी ठरली असती, नाका पुन्हा ओढ्यावर आला असता, जावई माणसासारखा जगला असता. आश्रुबाला पाटलानं उभा फाडला असता, एवढंच. तो काठी टेकत घराकडं वळला.

दुसऱ्या सकाळी मुंजाजी नागपूरकडं निघून गेला. गिरणीत लागला म्हणतात. कुणी म्हणतात, मेला. कडूबाई मागं राहिली. आता तिला बापाच्या घरी यायला कुणाची परवानगी लागत नव्हती, ओढा ओलांडला की पोहोचली. अकरा वर्षांत ती एकदाही आली नाही. तोच जायचा. ती भाकरी वाढायची आणि आत जायची.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात मोगलाई बुडाली. शिपाई पट्टा टाकून पळाला. गावातल्या पोरांनी नाक्याचा बांबू उपसून पेटवला आणि त्याभोवती नाचली. म्हातारा आश्रुबा तडक लेकीकडं गेला आणि मागच्या दारात बसला.

"कडू, आज सांगतो. शीव मी खोटी चाललो."

ती तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही.

"मला ठावं हाय, बा. दारातूनच बघितलं की."

"ठावं व्हतं? मंग बोलली का न्हाईस? अमीन व्हता, साहेब व्हता..."

"काय बोलू? बापाच्या डोईवर माती हाय आन् त्यो खोटा चालायलाय म्हणू? तुमाला जिता ठिवला असता का त्यांनी?" सूप थांबलं. "चावडीवरून आल्यावर ह्ये बी म्हणले, 'तू बघितलंस, तू सांग सायबाला.' मी म्हणलं, बघितलं न्हाई. त्यांनी माझ्याकडं लय येळ बघितलं. मंग पटकूर बांधलं आन् गेले."

मुंजाजी वेठीला भिऊन गेला, असं इतकी वर्षं आश्रुबानं मनाला समजावलं होतं.

"आता नवीन साहेब येतील," तो म्हणाला. "त्यांना खरी शीव दाखवतो. शपथेवर सांगतो."

"कशाला? आता हिकडं बी तेच सरकार, तिकडं बी तेच."

"मंग मी काय करू, बाई?"

कडूबाईनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"नागपूरला जा," ती म्हणाली. "गिरण्या किती हायती मला ठावं न्हाई. एकेकीच्या दारात उभं ऱ्हावा. गावले तर सांगा, तिनं बघितलं व्हतं."

आश्रुबा सत्तरीचा. जिंतूरच्या पुढं तो कधी गेला नव्हता. काठी घेऊन तो उठला आणि नागपूर कुठल्या बाजूला, ते विचारायला खाली वाटेवर गेला.