सावडीची फवारणी

बांधावरचं गाजरगवत फुललं की सासूबाईंचा दमा उसळायचा. ते उपटायला गेलं की माझ्या हातांवर फोड यायचे. म्हणून कृषी महाविद्यालयातून मी भुंगे आणले, फक्त गाजरगवत खाणारे. बांधावर सोडले तेव्हा अख्खी वाडी हसली. हसली तर हसली मेली! श्रावणात भुंग्यांनी पानांची पार चाळण केली, आणि सासूबाई कितीतरी वर्षांनी ओट्यावर बसून लसूण सोलायला लागल्या.

मग मी माहेरी ओझरला जाऊन आले. परतले तर शेजारचे खंडेराव भाऊजी पाठीवर पंप घेऊन आमच्याच बांधावर उभे. आमची त्यांची सावड आहे. त्यांनी आमच्या शेतात राबायचं, आम्ही त्यांच्या.

"वहिनी, माझ्या कांद्याला औषध मारलं, तसं तुमच्या बांधालाबी मारून टाकलं. ते किडे लय वाढले होते."

"भाऊजी, ते मीच सोडलेत! गवत खातात ते!"

"ठाऊक हाय की. पण गवत संपल्यावर कांद्यातच उतरले असते ना? किडा तो किडाच!"

गवताखाली भुंगे उताणे पडले होते.

बघता बघता गवत पुन्हा पालवलं, पांढरंधोप फुललं. घटस्थापनेआधी सासूबाई गेल्या. खांदा द्यायला भाऊजी सगळ्यांच्या पुढे होते.

उद्या त्यांचा कांदा खुरपायला जायचंय. त्या फवारणीची सावड फेडायची राहिलीय.