आयताचा रिकामा कोपरा

"कुणी सांगितलं तुला?"

जेवणं नुकतीच आटोपली होती. शाळेतल्या बाईंनी दिलेलं कोडं पाच वर्षांच्या खारूने चटईवर जुळवलं होतं. एक तिरका तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन त्रिकोण, आणि झाला आयत! शाबासकीच्या आशेने ती वडिलांकडे बघत होती, आणि वडिलांनी हे विचारलं.

"कुणीच नाही, बाबा."

वडील एका मोठ्या दुकानात पहाऱ्याचे प्रमुख. कोणाचा हात कोणत्या पिशवीत जातोय, हे दिवसभर कॅमेऱ्यांच्या पडद्यावर बघायचं. घरी आले तरी नजर कामावरच असायची. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तूच जुळवून दिलंस ना?"

"मी ओट्यापाशी होते," आई म्हणाली. "परवा पुतण्याने हेच केलं, तेव्हा 'काय डोकं आहे पोराचं!' म्हणालात. लेकीने केलं की कुणी सांगितलं? तिचं चुकलं तर लक्ष नाही, बरोबर आलं तर चोरी. तिने करायचं तरी काय?"

वडिलांच्या मनातला संशयाचा किडा मात्र जाईना. खारू पाणी प्यायला गेली तशी त्यांनी तुकडे विस्कटले आणि एक त्रिकोण हळूच मुठीत लपवला. खरंच येत असेल, तर गोंधळेल कशाला? पाठ केलं असेल, तर आत्ता कळेल!

"पुन्हा करून दाखव. माझ्यासमोर."

खारू बसली. तिरका तुकडा ठेवला, त्याला त्रिकोण लावला. एक कोपरा उघडाच राहिला. तिने तो त्रिकोण उचलला, अर्धा फिरवला, उघड्या कोपऱ्यात नीट बसवला. आता दुसरीकडचा कोपरा उघडा पडला. ती थांबली. वडील पुढे सरकले. "अडलं ना?"

"नाही. इथे अजून एक हवा," ती कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाली. "अगदी याच्यासारखाच. एक कमी आहे."

उत्तर तर सोडाच, नेमका कोणता तुकडा नाहीसा झालाय, हेही पोरीने ओळखलं होतं!

पण खारूचा चेहरा उतरला. तिने चटई उचलून पाहिली, फ्रॉकचे खिसे उलटे केले, रिकामे तळवे वडिलांपुढे धरले.

"मी नाही घेतला, बाबा. खरंच नाही घेतला."

अरे देवा! दुकानात झडती देणारी माणसं अशीच उभी राहतात! ही तर स्वतःची लेक. कुणी काही म्हणायच्या आत झडती द्यायला शिकलेली!

त्यांनी मूठ उघडली. "मीच घेतला होता, बाळा. चूक माझी आहे."

"का?"

ते मांडी घालून तिच्याशेजारी बसले. म्हणाले, "कसं जमवलंस ते मला शिकवशील?"

आधी खारूने तुकडे स्वतःकडे ओढून घेतले. मग हलकेच म्हणाली, "तिरका तुकडा इकडे कलतो ना, म्हणून..."

वाचकहो, आपल्या घरातली मुलगी काही करून दाखवते, तेव्हा आपण काय विचारतो? 'कुणी सांगितलं' हा प्रश्न तिला गुन्हेगार करतो, 'कसं केलंस' हा तिला विचार करायला लावतो. दुसरा प्रश्न विचारूया. मुलांना विचारतो तितक्याच कौतुकाने, मुलींनाही!