उघड्या राहिलेल्या दाराची घंटा

मित्रांनो, या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल. मी एक जुनी, नखाएवढी काळी चिप. आज स्फाक्स शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात, भंगाराच्या खोक्यात तुमच्यासोबत पडले आहे. पण एका मेलेल्या माणसाचा हात मी ओळखला होता!

माझ्या अंगाखाली शेकडो पाय, आणि प्रत्येक पायापाशी एक दार. कुठल्या दाराने ऐकायचं, कुठल्या दाराने बोलायचं, किती दाबाची वीज आत घ्यायची, हे सगळं सी लामीन या म्हाताऱ्या अभियंत्याने ठरवलं. नवजात बाळांच्या काचपेटीत मला बसवलं. बाळाचा श्वास थांबला की मी घंटा वाजवायची.

फक्त एक दार त्याने ठरवलंच नाही. त्यातून निघालेली तार पेटीबाहेर तशीच लोंबत राहिली.

"पुढे काही जोडायचं झालं तर असू दे. उद्या बघू, इन्शाल्ला," तो आपल्या शिष्येला, सिहेमला म्हणाला.

उद्या उजाडला, पण सी लामीन उठला नाही.

त्यानंतर घंटा आपोआप वाजू लागली. बाळ शांत झोपलेलं, आणि नुसता कुणी पेटीजवळ हात नेला तरी घणघण!

"सी लामीनच तो," वॉर्डातली थोरली परिचारिका लल्ला मबरूका म्हणाली. "जन्मभर कामं अर्धी टाकली, आता पुरी करायला आलाय मेला!"

दृष्ट लागू नये म्हणून तिने त्या लोंबत्या तारेलाच चांदीचा पंजा अडकवला. घंटा दुप्पट वाजू लागली! हळूहळू घंटेला कुणी धावेनासं झालं. "बस कर, सी लामीन," एवढंच परिचारिका म्हणायच्या. आत मूठभर बाळ श्वासासाठी झगडत होतं.

सिहेम आली. पंजा पाहून हसली, मग डोळे पुसले.

"लल्ला, तुम्ही भुताला पळवलं नाही, त्याला कान बसवलात! हे दार कशालाच बांधलेलं नाही. हवेतली जराशी वीज लागली तरी हलतं."

"मग बांध की. रडतेस कशाला?"

"बांधलं तर तो यायचा नाही ना."

तिने पंजा काढला, तार कापली, आणि ते दार आतून विजेच्या बारीक दोरीने बांधायला मला शिकवलं. घंटा गप्प झाली.

मग एका दुपारी वाळवंटातून शहिली नावाचा तापलेला वारा सुटला. सगळ्या मोहल्ल्याची वीज गेली, जनित्रही सुरू होईना. सगळ्या बाया तिकडे धावल्या. इकडे बाळ निळं पडू लागलं. तेवढ्यात ते बांधलेलं दार थरथरलं. बाहेरून तोच हात! मी होती नव्हती ती ताकद लावून घंटा वाजवली. मबरूका धावत आली, बाळाचे तळवे चोळले, आणि बाळ रडलं.

म्हणून सांगते मित्रांनो, कुठलंही दार ठरवल्याशिवाय सोडू नका. मी जर त्या दिवशी...

"थांब गं, थापाडे!" माझ्याच सर्किटच्या पाटीवरची शेजारीण, जुनी स्मरणचिप, कडाडली. "वीज गेली की तुला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. वीज आली की दर वेळी मीच तुला पहिल्यापासून पढवायचे. घंटेलाही वीज लागायची. दिवे आल्यावर मबरूका सांगत होती, घंटा ऐकून धावत आले म्हणून, ते तुझ्यासारखं मीही ऐकलंय. घंटा वाजली, हे खरं. पण ती तू वाजवली नाहीस."